‘वंध्यत्व’ या संज्ञेविषयी

प्रजननचिकित्सेवरील मराठी लेखनात ‘वंध्यत्व’ ही संज्ञा सर्रास योजिली जाते. संस्कृतात ‘वंध्य’ तिन्ही लिंगांत चालतो. मराठीतील ‘वांझ’ मात्र माणसांपुरता स्त्रीलाच चिकटला, आणि त्याची छाया तत्सम शब्दावरही पडली. १९९२ साली ब्रुसेल्सच्या संशोधकांनी एकच शुक्रजंतू बीजांडात टोचून गर्भधारणा साधल्याचे प्रसिद्ध केले. ही पद्धती मुख्यत्वे पुरुषबीजाच्या उणिवेवरची. बीजांडे मिळविण्यासाठी औषधे टोचली जातात ती मात्र स्त्रीला. अशा उपचाराविषयी लिहिताना आपले लेखक ‘पुरुष-वंध्यत्व’ असा समास घडवितात. ‘स्त्री-वंध्यत्व’ म्हणण्याची निकड त्यांना पुष्कळदा भासत नाही. ‘अनपत्यता’ निःपक्षपाती खरी, परंतु ती परिणाम सांगते, विकार नव्हे. ‘जननाक्षमता’ उच्चारास जड, तरी दोघांनाही सारखीच लागू पडते.