झील कोण धरणार?

स्वतः लिहायचं, स्वतःच चाल लावायची, स्वतः गायचं आणि सत्तेला नडायचं, हे आज ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, गायकाचं लक्षण मानतात. सातारा-सांगलीत अशा माणसाला शाहीर म्हणतात. डफ-तुणतुण्याजागी गिटार-ड्रम्स आले म्हणून शाहिरी बाटत नाही. प्रश्न आहे तो मागं उभं राहून त्याची ओळ उचलून धरणाऱ्या झीलकऱ्यांचा.

सातारा-सांगली एकच जिल्हा होता तेव्हा, 1942 नंतर इंग्रज राजवटीला आव्हान देणाऱ्या प्रतिसरकारात, शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे चळवळीचंच काम करत. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी 1944 मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंचं कसब घाट न मोडता आतला ऐवज बदलण्यात होतं. तमाशाच्या गणातला गणपती काढून त्यांनी तिथं मातृभूमीला वंदन केलं. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड पोटासाठी मुंबईला आलेल्या गड्याच्या विरहाची. तोच विरह पुढं महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचा होतो. ऐकणारा आधी मैनेसाठी हळहळतो, मग बेळगाव-कारवारसाठी. मात्र हे शाहीर ‘स्वतंत्र’ नव्हते. पक्ष, युनियन, गिरणगाव त्यांची झील धरत होते.

पसरणीच्या शाहीर साबळ्यांनी ‘आंधळं दळतंय’ या मुक्तनाट्यातून मुंबईतल्या मराठी माणसाची कुचंबणा मांडली. पुढं ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमात लोककला देखणी झाली, भांडण मागं पडलं. राजा बढे यांचं, साबळ्यांच्या आवाजानं घरोघर पोचलेलं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ 2023 मध्ये राज्यगीत झालं. मान मोठाच; पण मानाच्या पाटावर बसून शिव्या देता येत नाहीत. आज पोवाडा उरलाय तो जयंतीत, स्नेहसंमेलनात आणि सरकारी योजनांच्या प्रचारात. अफजलखान दरवर्षी नव्यानं मरतो. थकलेलं ऊसबिल किंवा दुष्काळी जत-आटपाडीचं पाणी पोवाड्यात क्वचितच शिरतं.

अपवाद पाचगणीजवळच्या महूचे संभाजी भगत. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (2012) या नाटकात त्यांनी पोवाड्यालाच सवाल विचारायला लावलं: शिवाजी नेमका कुणाचा? त्यांचं संगीत असलेल्या ‘कोर्ट’ (2014) चित्रपटात तर गाण्यापायी लोकशाहिरावर खटला भरला जातो. भगतांचं भाष्य कधीकधी गाण्यावर कुरघोडी करतं, हे खरं. तरी समोरच्याला अंग चोरू न देणारा आवाज आज त्यांचाच.

नव्या ‘इंडी’ गायकाला पक्षाची परवानगी लागत नाही, रेकॉर्डिंग घरच्या खोलीत होतं. पण ऐकणाराही खोलीतच, कानात बोंडं घालून एकटा. फडात झीलकरी शाहिराची ओळ उचलतो तेव्हा त्या ओळीची जोखीमही वाटून घेतो. खटला झालाच, तर साक्षीला फड असतो. म्हणून या मातीतल्या राजकीय अल्बमची परीक्षा स्टुडिओत होणार नाही. त्यातली एखादी ओळ वाटेगावच्या पारावर कुणी बेसूर का होईना, पण मोठ्यानं म्हटली, की झील सापडली म्हणायचं.