मानवी जीवशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम : एक चिकित्सा

विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केले. पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्रानेही त्यासाठी कार्यक्रम निर्मिले. त्यामुळे दूरस्थ व्याख्यान आपणांस नवे नाही. २०१७ मध्ये आलेल्या 'स्वयम्'ने चित्रफितीला ई-पाठ, स्वयंमूल्यमापन व चर्चा यांची जोड दिली. मानवी जीवशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमास या रचनेचा लाभ निश्चितच होतो. हृदयाच्या झडपांची उघडझाप फळ्यावरील आकृतीपेक्षा चलचित्रात स्पष्ट दिसते आणि पुन्हा पुन्हा पाहता येते.

मात्र नाडीचे काय? विश्रांत अवस्थेत प्रौढाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात, हे उत्तर विद्यार्थी बहुपर्यायी प्रश्नात अचूक निवडतो. प्रत्यक्षात मनगटावर तो अनेकदा अंगठा टेकवतो आणि अंगठ्यातीलच स्पंदन मोजत बसतो. वर्गातील शिक्षकास ही चूक पाहताक्षणी कळते. चित्रफितीला ती दिसत नाही. आणि चर्चापीठावर विचारावे, तर आपण चुकलो हेच विद्यार्थ्यास ठाऊक नसते! ज्या विषयाची प्रयोगशाळा विद्यार्थ्याच्या अंगावरच आहे, तिथे गुण मुख्यतः स्मरणाला मिळावेत, ही प्रस्तुत लेखकाच्या मते मूलभूत उणीव होय.

आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'द्वारे घेता येतात. पुण्यातील महाविद्यालयांनी असे श्रेयांक स्वीकारताना, जिना चढण्यापूर्वीची व नंतरची नाडी स्थानिक शिक्षकासमोर मोजण्याची अट घालावी. त्यास सेकंदकाट्याचे घड्याळ व एक तास पुरे. तो तास कोणाच्या कार्यभारात धरावयाचा, हे मात्र आधी ठरवावे लागेल.