‘अणुबल सूक्ष्मदर्शक’ : एका संज्ञेची चिकित्सा

१९८६ साली बिनिग, क्वेट व गर्बर यांनी सिद्ध केलेल्या उपकरणास मराठीत ‘अणुबल सूक्ष्मदर्शक’ म्हणतात. वस्तुतः हे उपकरण पाहत नाही. लवचिक पट्टीच्या टोकावरील सूक्ष्म सुईने ते पृष्ठभाग चाचपते. वऱ्हाडातील कापसाचा जुना पारखी तंतू बोटांनी ओढून जोखीत असे. हे ज्ञान त्याच जातीचे होय. तथापि संज्ञा त्याज्य ठरत नाही. कारण ‘दर्शक’ म्हणजे दाखविणाराही. दोष आहे तो पुढील क्रियापदात. जीवभौतिकीतील मऊ पेशी सुईखाली दबते, आणि चित्रात सुईचा आकारही मिसळतो. म्हणून अमरावती-अकोल्याच्या अभ्यासकाने प्रबंधात ‘पेशी पाहिली’ असे न लिहिता ‘चाचपली’ असे लिहावे. मग ‘किती दाबाने?’ हा प्रश्न टाळता येत नाही.