सन्तुट्ठि आणि ‘समाधान’

धम्मपदाच्या सुखवग्गातील २०४ व्या गाथेत सन्तुट्ठीला श्रेष्ठ धन म्हटले आहे. मराठीत या शब्दासाठी सर्रास ‘समाधान’ योजले जाते आणि घोटाळ्यास आरंभ तेथेच होतो. पालीत ‘समाधान’ म्हणजे चित्त एका आलंबनावर नीट स्थापणे. समाधीचा अर्थ सांगताना बुद्धघोषाचार्य हाच शब्द वापरतात. मराठीत मात्र आहे त्या स्थितीत गप्प राहावे, असा त्याचा उपदेश होऊन बसला. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला हा उपदेश कोणी केला, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

म्हणूनच १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात बाबासाहेब या वचनापाशी मुद्दाम थांबले. परिस्थितीपुढे शरणागती असा त्याचा अर्थ नसून, अमर्याद लोभाच्या आहारी न जाणे हा आहे, असा खुलासा त्यांनी केला. हा अर्थ त्यांनी पदरचा घातला, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. मूळ पालीपुढे तो टिकत नाही.

अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातातील चार अरियवंस पाहावेत. चीवर, पिंडपात व शयनासन जसे मिळेल तसे त्यात भिक्खूने सन्तुष्ट असावे, हे पहिले तीन. चौथा सन्तुष्टीचा नाहीच. तो भावनेत आणि अकुशलाच्या त्यागात रमण्याचा आहे. दुकनिपातात तर तथागत सांगतात की, दोन गोष्टींचे मोल त्यांनी स्वतः जाणले: कुशल धर्मांविषयी असन्तुष्टी आणि प्रयत्नातून मागे न हटणे. शब्द ‘असन्तुट्ठिता’ असाच आहे! बाबासाहेबांनी त्या विवेचनात वीर्यावर भर दिला, पण हे सुत्त आधारास घेतले नाही. घेतले असते तर आक्षेपकांस जागाच उरली नसती.

तथापि लोभाला आवर घालण्यापाशी सन्तुट्ठीचा आशय संपत नाही, असे आम्हांस वाटते. त्याच अरियवंस सुत्तात म्हटले आहे की, वस्तू न मिळाल्यास व्याकूळ होऊ नये, मिळाल्यास तिच्यात गुंतू नये, आणि आपल्या सन्तुष्टीवरून स्वतःची थोरवी गाऊन इतरांस हिणवू नये. हा शेवटचा भाग उपदेशकांनी पुन्हा वाचावा. भरल्या पोटी उपाशी माणसास संतोष शिकविणारा या सुत्तातच दोषी ठरतो. उपेक्खेचेही असेच आहे. अज्ञानातून येणारी बेपर्वाई उपेक्खेसारखी दिसते, म्हणून विसुद्धिमग्गात तिला उपेक्खेचा जवळचा शत्रू मानले आहे.

राहिला प्रश्न गृहस्थाचा. चीवर-पिंडपाताचे माप त्याला लावणे चुकीचे होय. दीघजाणु या कोलिय गृहस्थाने विचारले तेव्हा भगवंतांनी इहलोकीच्या हितासाठी उद्योग, मिळकतीचे रक्षण, कल्याणमित्रता आणि समजीविता या चार गोष्टी सांगितल्या. समजीविता म्हणजे आय आणि व्यय जाणून, उधळपट्टी व कृपणता दोन्ही टाळून जगणे. तेथे दृष्टान्त आहे तो तराजू धरणाऱ्याचा. पारडे किती झुकले आणि किती उचलले गेले, हे त्याला कळते.