पॅरिस करारातील विध्यर्थ

हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करारांची चर्चा बहुधा उत्सर्जनाच्या आकड्यांभोवती फिरते. तथापि करार हा मूलतः एक पाठ असतो, आणि राष्ट्रे त्यातील क्रियापदांनी बांधली जातात. या दृष्टीने 2015 च्या पॅरिस कराराचे चौथे कलम परीक्षणीय आहे.

12 डिसेंबर 2015 रोजी समारोपाच्या सभेपुढे आलेल्या मसुद्यात विकसित राष्ट्रांच्या उत्सर्जनकपातीसंबंधी 'शॅल' हे बंधनवाचक क्रियापद होते. अमेरिकेच्या आक्षेपानंतर तांत्रिक दुरुस्ती म्हणून तेथे 'शुड' आले. मराठीत मात्र 'कपात करावी' या एकाच विध्यर्थात आज्ञा, कर्तव्य व इच्छा ही तिन्ही सामावतात. म्हणजे ज्या भेदासाठी करार अडला होता, तोच भाषांतरात लुप्त होण्याचा संभव आहे.

या भेदामागे अर्थशास्त्रीय कारण आहे. कपातीचा खर्च एका राष्ट्राला सोसावा लागतो, लाभ मात्र सर्वांना मिळतो. म्हणून दुसऱ्याच्या त्यागावर विसंबण्याचा मोह प्रत्येकास होतो. 1997 च्या क्योटो करारनाम्यात बंधन स्पष्ट होते; परंतु अमेरिकेने त्यास अनुसमर्थन दिले नाही, आणि कॅनडाने 2011 मध्ये बाहेर पडण्याची घोषणा केली. कठोर शब्दाने सहभाग घटतो, हा धडा पॅरिसने घेतला. तेथे योजना आखून कळविणे बंधनकारक ठरले; त्या योजनेची पूर्तता मात्र तशी ठरली नाही.

शब्दाचे सौम्यत्व ही सहभागाची किंमत होती. ती मोजूनही अमेरिका 2020 मध्ये बाहेर पडली, 2021 मध्ये परतली आणि 2025 च्या जानेवारीत तिने पुन्हा निर्गमनाची सूचना दिली. उलटपक्षी, 2021 च्या ग्लासगो परिषदेत कोळशाच्या 'निर्मूलना'ऐवजी 'घट' हा शब्द भारताच्या आग्रहाने आला, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. दोन्ही प्रसंगी क्रिया सौम्य झाली. 2015 ची सवलत विसरून केवळ 2021 ची नोंद ठेवणारा वाचक पाठ अर्धाच वाचतो.

म्हणून मराठी भाषांतरात 'शॅल'साठी 'बंधनकारक राहील' आणि 'शुड'साठी 'अपेक्षित आहे' असा संकेत कटाक्षाने पाळला जाणे इष्ट होय. अन्यथा जी केवळ अपेक्षा आहे, तिलाच मराठी वाचक वचन समजेल.