श्रद्धांजलि आणि दुखवटा

वाशीपासून बेलापूरपर्यंत नव्या मुंबईच्या रस्त्यांनीं जाणाऱ्यास चौकाचौकांत एक मजकूर हमखास भेटतो. मृताचें छायाचित्र, त्याखालीं ‘भावपूर्ण श्रद्धांजलि’ हीं अक्षरें, आणि त्याखालीं ती वाहणाऱ्यांच्या छायाचित्रांची रांग. या प्रथेची थट्टा करणें सोपें आहे. पण आम्हांस आज त्या फलकाचा नव्हे, त्यावरील शब्दाचा विचार करावयाचा आहे. कारण शोक व्यक्त करण्यासाठीं मराठीनें हा एकच शब्द हाताशीं ठेवावा, हें आम्हांस बरें लक्षण वाटत नाहीं.

शब्दाची फोड सरळ आहे. ‘अंजलि’ म्हणजे जोडलेल्या दोन तळहातांची पोकळी. तीच आपली ओंजळ. ‘श्रद्धा’ हा शब्द फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत श्रद्धेला उद्देशून एक स्वतंत्र सूक्तच आहे. आणि ‘मी विश्वास ठेवतों’ या अर्थाचें लॅटिन ‘क्रेडो’ हें क्रियापद याच कुळांतलें, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे या समासांत दुःखाचा अंश कोठेंच नाहीं. आहे तो विश्वास.

‘दुखवटा’ या शब्दाची गोष्ट निराळी. त्यांत दुःख तर उघडच आहे. शिवाय तो मृताकडे न पाहतां मागें राहिलेल्यांकडे पाहतो. पेशवाईच्या कागदपत्रांत सरदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या घरीं ‘दुखवट्याचीं वस्त्रें’ पाठविल्याचे उल्लेख येतात. आजही सरकार दुखवटा जाहीर करतें, तेव्हां त्यांत कांहीं तरी करावयाचें असतें: ध्वज अर्ध्यावर उतरवावयाचा, करमणुकीचे कार्यक्रम थांबवावयाचे. श्रद्धांजलि वाहून मोकळें होतां येतें. दुखवटा पाळावा लागतो. क्रियापदांतील हा फरक क्षुल्लक नव्हे.

श्रद्धांजलि हा शब्दच टाकाऊ, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. हें शहर वसविण्यासाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. त्यांच्या योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या लढ्यांत १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मृत्युमुखीं पडले. दरवर्षीं त्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात. ज्यांचा जन्मही त्या वेळीं झाला नव्हता असे तरुण त्यांत असतात. पण ज्या कारणासाठीं ते पांच जण गेले, त्यावर त्यांचा विश्वास असतो. तेथें श्रद्धांजलि हा शब्द आपल्या पूर्ण अर्थानें उभा राहतो, आणि त्यामागें ‘भावपूर्ण’ लावण्याची गरज उरत नाहीं.

पण वरच्या मजल्यावरचे गृहस्थ वारले, तर? ज्यांचें नांव आपणांस केवळ दारावरील पाटीवरून ठाऊक, त्यांच्याविषयीं श्रद्धा कोठून आणावी? ती नाहीं हें आपलें आपणांस कळतें, म्हणूनच तें विशेषण मदतीला धावतें. तेथें प्रामाणिक शब्द दुखवट्याचा. आणि त्याबरोबर एक जिना चढून त्या घरीं जाणें, घटकाभर गप्प बसणें, चूल न पेटलेल्या घरांत पिठलेंभात पोंचविणें हेंही आलें. शब्द बदलल्यानें हें कर्तव्य मागें पडलें, कीं कर्तव्य मागें पडल्यानें शब्द बदलला, या वादांत आम्ही शिरत नाहीं; दोन्ही बरोबरच घडलें, एवढें दिसतें.

भाषेनें याविषयीं एक इशारा पूर्वींच देऊन ठेविला आहे. तिलांजलि म्हणजे मृताच्या तृप्तीसाठीं तीळ घालून दिलेली पाण्याची ओंजळ. मायेच्या त्या शेवटच्या कृतीचें नांव आज आपण कशासाठीं वापरतों? व्यसनाला तिलांजलि, तत्त्वांना तिलांजलि! सोडून देणें, एवढाच अर्थ उरला. श्रद्धांजलीचीही वाट तीच दिसते. फसलेल्या बेताला थट्टेनें श्रद्धांजलि वाहणारे आजच भेटतात. म्हणून वाचकांस आमची विनंति इतकीच कीं, जेथें खरोखर श्रद्धा असेल तेथेंच तो शब्द वापरावा. आणि इतरत्र फलक न लावतां दुखवट्याला जावें.