जाहीर सूचनांची मराठी आणि सुबोधतेचा प्रश्न : भूसंपादनाच्या अधिसूचनेसंदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. तत्पूर्वीच, १९६० मध्ये, स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने या भाषेसाठी परिभाषा कोश सिद्ध केले. तथापि सूचना मराठीत असणे आणि ती मराठी वाचकास कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात भूसंपादनाच्या प्रारंभिक अधिसूचनेच्या आधारे या भिन्नतेचा विचार केला आहे.

कायद्याची अपेक्षा

१८९४ च्या भूसंपादन अधिनियमाची जागा २०१३ च्या अधिनियमाने घेतली. हा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११ नुसार प्रारंभिक अधिसूचना राजपत्राबरोबरच दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी लागते आणि त्यांपैकी एक दैनिक प्रादेशिक भाषेतील असावे लागते. ग्रामपंचायत, तहसील इत्यादी ठिकाणी ती स्थानिक भाषेत लावणेही बंधनकारक आहे. कलम १५ नुसार हितसंबंधित व्यक्तीस ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. पूर्वीच्या कायद्यात ही मुदत ३० दिवसांची होती. मुदत दुप्पट झाली, सूचना स्थानिक भाषेत आली. परंतु ती सुबोध असावी, अशी अट मात्र कलम ११ मध्ये नाही.

अधिसूचनेची भाषा

या अधिसूचनांची रचना 'ज्याअर्थी' ने सुरू होते आणि अनेक उपवाक्ये ओलांडून 'त्याअर्थी, आता' पर्यंत पोहोचते. ही इंग्रजी विधिलेखनाची चौकट होय. मराठी वाक्याची ती स्वाभाविक घडण नव्हे. 'अधिसूचित करण्यात येत आहे' अशा कर्मणी प्रयोगात निर्णय घेणारा अधिकारी दृष्टिआड होतो. 'समुचित शासन' म्हणजे नेमके कोण आणि 'उक्त अधिनियम' म्हणजे कोणता, हे शोधण्यासाठी वाचकास मागे जावे लागते.

शब्दांचा प्रश्नही येथेच उद्भवतो. कलम ११(४) नुसार अधिसूचनेनंतर संबंधित जमिनीचा व्यवहार करण्यास आणि तीवर 'भार' निर्माण करण्यास मनाई आहे. शेतकऱ्यास सातबाऱ्यावरील 'बोजा' हा शब्द चांगला परिचित असतो. 'भार' वाचून त्यास जमीन बँकेकडे गहाण ठेवण्याचा बोध होईलच असे नाही. अशा वेळी केवळ शब्दाच्या निवडीमुळे एक महत्त्वाचा निर्बंध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

सुलभीकरणाची मर्यादा

शिवकालीन राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. आधुनिक परिभाषानिर्मितीनेही प्रामुख्याने शब्दांचाच विचार केला. परंतु सुबोधता केवळ शब्दांत नसते. ती माहितीच्या क्रमात असते. कोणाची जमीन, कोणत्या कामासाठी, हरकत कोठे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोपर्यंत काय करता येणार नाही, या पाच प्रश्नांची उत्तरे आरंभी आली पाहिजेत.

यावर एक आक्षेप संभवतो. भाषा सोपी केल्यास कायदेशीर काटेकोरपणा कमी होतो आणि सूचना न्यायालयात टिकत नाही, असे म्हटले जाते. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. गट क्रमांक वा क्षेत्र यांत ढिलाई चालणार नाही. परंतु '६० दिवसांत' असे म्हणण्याऐवजी मुदत संपण्याची तारीख दिल्याने काटेकोरपणा वाढतोच.

दुसरा पर्याय म्हणजे सूचनेचा सोपा अर्थ वृत्तपत्राने, संस्थेने अथवा तलाठ्याने सांगणे. असे साहाय्य उपयुक्त असले तरी त्यास कायद्याचे बळ नसते. अर्थ सांगणारा चुकला तर मुदत थांबत नाही आणि हानी खातेदाराची होते. म्हणून सुबोध गोषवारा हा सूचनेचाच भाग असावा आणि तो त्याच अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने निघावा.

समारोप

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(४) मध्ये माहितीच्या प्रसारणासाठी स्थानिक भाषेबरोबरच संज्ञापनाच्या सर्वांत परिणामकारक पद्धतीचाही विचार करण्यास सांगितले आहे. ही कसोटी लावल्यास दुर्बोध मराठीतील सूचना स्थानिक भाषेची अट पूर्ण करते, पण परिणामकारकतेची करीत नाही. हरकतीचा हक्क मुदतीशी बांधलेला असल्याने न कळलेली सूचना ही व्यवहारात न मिळालेल्या सूचनेसारखीच ठरते. राजभाषेच्या धोरणाचे मूल्यमापन करताना किती कागद मराठीत निघाले याबरोबरच ते वाचून नागरिकास वेळेत कृती करता आली का, हेही पाहणे आवश्यक आहे.